भिंत जाणणारे हात
जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे परदेशातील शिक्षण आणि आपली मुले

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे काय करतो, हा प्रश्न शाळेच्या प्रत्येक मेळाव्यात निघतो. कोणी शिक्षक झाले, कोणी परिचारिका, कोणी पोलीस दलात गेले, कोणी तलाठी झाले. त्यांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतील फार मोठा वर्ग आजही भातकापणी आटोपली की उचल घेऊन वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि इमारतींच्या कामांवर जातो. त्या कामावर त्याचे नाव ‘बिगारी’ असते. माती कालवणे, विटा थापणे, बांबू बांधणे ही कामे तो जन्मभर करतो आणि तरीही ‘अकुशल’ म्हणूनच मोजला जातो. या लेखात आम्ही एका अशा शिक्षणाचा विचार मांडणार आहोत, ज्यात याच हातांना कारागिराचा मान मिळू शकतो. ते शिक्षण म्हणजे जुन्या वास्तूंची दुरुस्ती आणि जतन. जगातील अनेक देशांत व्यवसायशिक्षणाचे विद्यार्थी ते शिकतात आणि त्यासाठी एका देशातून दुसऱ्या देशात जातात. आपल्या मुलांनी त्या वाटेने जावे का, गेल्यास काय घेऊन जावे आणि काय घेऊन परतावे, हे पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मिळून ठरवावे, असे आम्हांस वाटते.

वैशालीचा शिंपी

हा विषय धम्माच्या अंगणाबाहेरचा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची हकीकत येते. लोक मोठ्या उत्साहाने विहार बांधून देत होते आणि भिक्खू त्या कामांवर लक्ष ठेवीत होते. ते पाहून या शिंप्यालाही वाटले की आपणही विहार बांधावा. त्याने स्वतः चिखल मळला, विटा रचल्या, भिंत उभी केली. परंतु त्याला ते काम येत नव्हते. भिंत वाकडी झाली आणि कोसळली. दुसऱ्यांदा कोसळली, तिसऱ्यांदाही कोसळली. तेव्हा तो संतापून म्हणाला की जे दान देतात त्यांना हे श्रमण शिकवतात, त्यांच्या कामावर देखरेख करतात. मी गरीब, मला कोणी काही सांगत नाही. ही तक्रार भगवान बुद्धांपर्यंत पोहोचली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. बांधकामाची जबाबदारी एका जाणत्या भिक्खूकडे सोपवण्याची अनुज्ञा त्यांनी दिली आणि विहार लवकर पूर्ण व्हावा, तसेच मोडलेले व पडझड झालेले भाग दुरुस्त व्हावेत, हे पाहणे त्याचे कर्तव्य ठरवले. या जबाबदारीला पालीत ‘नवकम्म’ म्हणतात.

या छोट्याशा प्रसंगातून तीन गोष्टी कळतात. भिंत श्रद्धेने उभी राहत नाही, तिला कौशल्य लागते. ते कौशल्य गरिबाला न शिकवणे हा अन्याय आहे आणि त्याने विचारलेला प्रश्न रास्त आहे. आणि नवे बांधण्याइतकेच मोडलेले सावरणे हेही संघाचे काम आहे. महामंगलसुत्तात हस्तकौशल्याची गणना मंगल गोष्टींत केली आहे, हे आपण दर पौर्णिमेला ऐकतो. त्याचा अर्थ आपल्या कार्यशाळेच्या दारावर लिहिण्याजोगा आहे.

आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांनीही कारागिराचे नाव जपले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. तेथील दरवाजाचे काम आपण केले, असे तो सांगतो. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहातील लेखात दान देणाऱ्या व्यापारी बंधूंबरोबर कामावर देखरेख करणारे भिक्खू आणि दगड घडवणारे कारागीर यांचाही उल्लेख येतो. आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यातील सोपाऱ्याचा विटांचा स्तूप १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून उजेडात आणला. ज्या तालुक्यात आपली माणसे आज विटा थापायला जातात, त्याच तालुक्यात विटांची ही वास्तू शतकानुशतके टिकून आहे. ती वीट थापणारेही असेच कोणी कष्टकरी असतील.

चित्राला मान मिळाला, भिंतीला नाही

आता आपल्या पाड्यांकडे वळू. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या असतात. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी बांधायच्या आणि त्यांवर माती, शेण व भाताचे तूस यांचा गिलावा दोन्ही बाजूंनी द्यायचा. पावसाळा सरला की सारवण नवे करायचे. पालीत भिंतीला ‘कुड्ड’ म्हणतात. पुण्यानुमोदनाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या तिरोकुड्ड सुत्ताच्या नावात हाच शब्द आहे, आणि आपल्या ‘कूड’ शब्दाचे नाते त्याच्याशीच जुळते. इतका जुना शब्द आणि इतकी जुनी विद्या आपल्या घरात आहे.

याच कुडावर, गेरूच्या रंगावर, तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिला जातो. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर व कापडावर आणली. त्यांची चित्रे युरोपात आणि जपानात प्रदर्शित झाली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र विमानतळापासून साडीपर्यंत सर्वत्र दिसते. परंतु ज्या भिंतीवर ते चित्र जन्माला आले, ती भिंत कशी बांधतात हे शिकवणारी शाळा कोठे आहे? चित्राला जगाने मान दिला. भिंत मात्र गरिबीची खूण ठरली. घरकुल मिळाले की कूड पाडायचा, एवढेच आपण मुलांना शिकवले. पक्के घर प्रत्येक कुटुंबाला मिळालेच पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र कूड बांधणारी विद्या त्या घराबरोबर पाडण्याचे कारण नाही. परदेशात त्या विद्येला काय मोल आहे, हे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल.

परदेशात काय शिकवतात

जर्मनीत क्वेडलिनबुर्ग नावाचे एक जुने गाव आहे. तेथे लाकडी चौकटीची दोन हजारांहून अधिक घरे आहेत आणि १९९४ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून नोंदवले. या घरांच्या चौकटीतील पोकळी जुन्या काळी कशी भरीत? लाकडी खुंट्या उभ्या लावून, त्यांत लवचिक फांद्या विणून, त्यांवर गवताचा भुसा मिसळलेली माती थापून. म्हणजे तो कूडच. फरक इतकाच की तेथे ती भिंत दुरुस्त करू जाणणाऱ्या कारागिराला मागणी आहे आणि त्याच्या ज्ञानाला परीक्षा व प्रमाणपत्र आहे. याच गावात १९९९ मध्ये तरुणांसाठी वास्तुजतनाचा एक वर्षाचा उपक्रम सुरू झाला. सोळा ते सव्वीस वर्षे वयाचे तरुण वर्षभर एखाद्या कार्यशाळेत किंवा जुन्या वास्तूच्या कामावर राहतात आणि अधूनमधून एकत्र वर्गांना बसतात. पुढे असे उपक्रम जर्मनीच्या इतर भागांतही सुरू झाले.

तेथील नेहमीचे व्यवसायशिक्षणही समजून घेण्यासारखे आहे. सुतार किंवा गवंडी होऊ पाहणारा विद्यार्थी साधारण तीन वर्षे शिकतो. बराच काळ तो प्रत्यक्ष कामावर उस्तादाच्या हाताखाली असतो, उरलेला काळ व्यवसायशाळेत असतो, आणि या काळात त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. अनुभव घेऊन जो उस्ताद होतो, त्याला पुढे जुन्या वास्तूंच्या जतनातील स्वतंत्र पदवीही घेता येते. काही तरुण कारागीर शिक्षण संपल्यावर तीन वर्षे आणि एक दिवस गावाबाहेर राहून ठिकठिकाणी काम करीत फिरतात. या काळात आपल्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत यायचे नाही, असा त्यांचा जुना नियम आहे. फिरून शिकणे ही त्यांची परंपराच आहे.

इटलीत व्हेनिसजवळच्या सान सेर्वोलो बेटावर १९७७ मध्ये निरनिराळ्या देशांतील कारागिरांना वास्तुजतन शिकवणारे युरोपीय केंद्र सुरू झाले. दगड, लाकूड, धातू, गिलावा आणि भित्तिचित्रे यांचे काम करणारे लोक तेथे एकत्र शिकले. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे तर केवळ मातीच्या बांधकामाचा अभ्यास करणारी संस्था १९७९ पासून आहे. माती हा तेथे अभ्यासाचा आणि पदव्युत्तर शिक्षणाचा विषय आहे.

जपानचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. जपानच्या प्राचीन इतिवृत्तानुसार इ.स. ५८८ मध्ये कोरियातील बेकजे राज्याने जपानकडे भिक्खूंबरोबर विहार बांधणारे सुतार आणि कौले घडवणारे कारागीर पाठवले. त्यांच्या साहाय्याने आसुका येथील विहार उभा राहिला. त्याच सुमारास झेन्शिन नावाची भिक्खुणी आपल्या सहकारिणींसह विनय शिकण्यासाठी जपानमधून बेकजेला गेली आणि दोन वर्षांनी परतली. धम्म आणि सुतारकाम एकाच वाटेने प्रवास करीत होते. पुढे नाराजवळ होर्यूजी विहार उभा राहिला. जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्याची गणना होते. विसाव्या शतकात तेथे १९३४ पासून सुमारे अर्धशतक दुरुस्तीचे काम चालले. इमारती उकलायच्या, प्रत्येक तुळईला खूण करायची, कुजलेला तेवढाच भाग काढून तेथे नवे लाकूड सांध्याने जोडायचे आणि सर्व पुन्हा पूर्ववत बसवायचे, अशी ती पद्धत. लाकडी वास्तूंच्या जतनाची जपानी कौशल्ये २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली. आशियातील इतर देशांच्या लोकांसाठी नारा येथे प्रशिक्षण वर्गही भरतात.

या सर्व ठिकाणी विद्यार्थ्याला पहिला धडा एकच मिळतो: हात लावण्याआधी पाहा. भिंत कशाची आहे, पाणी कोठून येते, भेग जुनी आहे की वाढते आहे, पूर्वी कोणी काय दुरुस्ती केली, हे सर्व मोजून, रेखाटून, लिहून ठेवायचे. नंतर शक्य तितके कमी बदलायचे, आणि जे बदलले ते पुढच्या माणसाला ओळखता येईल असे ठेवायचे. हा धडा बुद्धीचा आहे तितकाच शीलाचा आहे.

चुना आणि सिमेंट

हा धडा आपल्या भागात का मोलाचा आहे, हे एका उदाहरणावरून कळेल. जव्हार-मोखाड्याचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. जुन्या दगडी व विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुनखडी सुमारे नऊशे अंश तापमानाला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवतात, मुरू देतात आणि वाळूबरोबर घाणीत मळतात. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी मिसळीत. हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. तो थोडा लवचिक असतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. पावसाळ्यात भिंतीत शिरलेले पाणी उन्हाळ्यात त्यातून उडून जाते.

अशा भिंतीला भेग पडली की आज सहसा सिमेंटचा गिलावा मारला जातो. काही महिने भिंत नवी दिसते. परंतु सिमेंट कठीण असते आणि ओल कोंडून धरते. पाणी आत राहते, त्याबरोबरचे क्षार विटेत साठतात, वीट आतून भुसभुशीत होते आणि काही वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा विटेचा थर घेऊनच गळून पडतो. दुरुस्तीनेच भिंत मारली, असे होते. मातीच्या भिंतीवर सिमेंट लावल्यास हे आणखी लवकर घडते. सिमेंट वाईट नाही. नव्या बांधकामात त्याचे स्थान आहे. मात्र कोणत्या भिंतीला कोणते औषध, हे कळणारा माणूस हवा. तो माणूस तयार करणे हेच या शिक्षणाचे प्रयोजन.

अजिंठ्याचा इशारा

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. परदेशातून आलेले तंत्र आहे म्हणून ते योग्यच, असे समजू नये. १९२० नंतर निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू लागलेला रंगथर भिंतीला पुन्हा घट्ट बसवण्याचे मोलाचे काम केले. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ व काजळी बसली आणि चित्रे झाकोळली. तो लेप अतिशय जपून काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना नंतर दीर्घकाळ करावे लागले.

अजिंठ्याच्या चित्रांखालचा थर कशाचा आहे? मातीचा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले. म्हणजे जगाने डोक्यावर घेतलेली ती चित्रे आपल्या कुडाच्या गिलाव्याच्या भावंडावर उभी आहेत. हे ज्याला घरी सारवण करताना हाताने कळले आहे, तो विद्यार्थी परदेशात रिकाम्या हाताने जात नाही. त्याच्याकडे द्यायलाही काही असते. त्याने तेथून पद्धत शिकावी, मोजमाप शिकावे, नोंद ठेवायला शिकावे. पण येथे परतल्यावर येथील पाऊस, येथील माती आणि येथील वाळवी यांना विचारूनच काम करावे.

जाण्याची वाट

पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार झाला. त्याच्या व्यवसायांच्या यादीत सुतार, गवंडी, रंगारी, नळ कारागीर, वीजतंत्री हेही आहेत. हा करार केवळ जुन्या वास्तूंसाठी नाही, परंतु या क्षेत्राचा दरवाजा याच व्यवसायांतून उघडतो.

येथे एक अडचण आधीच ओळखावी. जर्मनीत काम शोधण्यासाठी जाण्याच्या काही मार्गांना मायदेशातील किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त व्यवसायशिक्षण लागते. आपल्या आयटीआयमधील गवंडी, सुतार आणि नळ कारागीर हे अभ्यासक्रम एक वर्षाचे आहेत. वीजतंत्री आणि स्थापत्य आरेखक हे दोन वर्षांचे आहेत. एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्याने नोकरीऐवजी तेथील तीन वर्षांच्या विद्यावेतनासह शिक्षणाचा विचार करावा. त्यासाठी जर्मन भाषा मध्यम पातळीपर्यंत, म्हणजे बी-१ पर्यंत, सहसा यावी लागते. घरी वारली किंवा कोकणा, शाळेत मराठी, पुढे हिंदी व इंग्रजी अशा चार भाषा आपले मूल लहानपणीच हाताळते. पाचवी भाषा त्याला जड जाण्याचे कारण नाही; मात्र ती दहावीनंतर घाईने न शिकता आधीपासून सुरू करावी.

सर्वांत महत्त्वाचे कर्जाविषयी. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार केंद्र शासनाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये, मूळ कागदपत्रे कोणाच्या हाती सोपवू नयेत आणि करार समजणाऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये. भट्टीची उचल काय करते, हे आपल्या पाड्यांना सांगावे लागत नाही. जो मुलगा डोक्यावर कर्ज घेऊन विमानात बसतो, तो दुसऱ्या भट्टीवरच निघालेला असतो.

परतल्यावर काय

१९१३ मध्ये बाबासाहेब बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जे मिळवले ते त्यांनी आपल्या लोकांच्या कामी लावले. परदेशी शिक्षणाचे मोल कसे मोजावे, याचे माप त्यांनी आपल्याला घालून दिले आहे. प्रत्येकाने परत यावेच असा हट्ट आम्ही धरणार नाही. कोणाचा संसार कोठे रुजेल हे सांगता येत नाही. परंतु विद्या परतली पाहिजे.

येथे तिला काम आहे. जव्हारचा जयविलास राजवाडा, गावातील जुने वाडे, संस्थानकाळातील इमारती, पाड्यांवरील कौलारू घरे, जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील किल्ले या सर्वांना जाणत्या हातांची गरज आहे. राजवाड्याचे दगड वाहणारे हात कोणाचे होते, हे कोठे कोरलेले नाही. पण ते जपणाऱ्यांची नावे तरी यापुढे लिहिली जावीत.

याची सुरुवात परदेशात होत नाही, येथेच होते. आमची एक सूचना आहे. शाळेतील आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या पाड्यावरील एका जुन्या घराची वही करावी. घराची लांबी-रुंदी मोजावी, कुडाचे चित्र काढावे, कारवी केव्हा तोडतात, ती किती दिवस सुकवतात, मातीत तूस किती आणि शेण किती घालतात, हे आजी-आजोबांना विचारून लिहावे. ज्या माजी विद्यार्थ्यांनी बांधकामाचा व्यवसाय धरला आहे, त्यांनी वर्षातून एक आठवडा शाळेला द्यावा आणि मुलांकडून शाळेच्या आवारात चुन्याची एक आणि कुडाची एक भिंत बांधून घ्यावी. ती पुढील तुकड्यांनी दरवर्षी दुरुस्त करावी. पाच वर्षांनी अशा वह्यांचा एक संग्रह होईल. परदेशात शिकायला निघालेल्या आपल्या मुलाच्या पेटीत प्रमाणपत्राबरोबर अशी एक वही असेल, तर तेथील उस्ताद त्याला पहिल्या दिवशीच कारागीर म्हणून ओळखेल.

वैशालीच्या शिंप्याची भिंत तीनदा पडली, कारण त्याला शिकवणारे कोणी नव्हते. आपल्या पाड्यावरचा एकही मुलगा आणि एकही मुलगी ती तक्रार पुन्हा करणार नाही, अशी व्यवस्था उभी करणे हे आपणा सर्वांचे नवकम्म आहे. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपला वेळ, पालकांनी आपला विश्वास आणि समाजाने आपले पाठबळ द्यावे, ही या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची नम्र विनंती. सर्वांचे मंगल होवो.